टाचेतली टाचणी

बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, पण प्रत्येक गोष्टीआधी 'काही होणार नाही ना?' विचारते." हा प्रश्न लेकीला कुणाकडून मिळाला, हे आईला वेगळं सांगायची गरज नव्हती. तिने ठरवलं, पोरीला धीट करायचं. त्यासाठी कोपऱ्यावरच्या बागेत तिला किडे दाखवायचे आणि स्वतः एकदाही "जपून" म्हणायचं नाही.

बागेतल्या टीचभर तळ्याकाठी आईने मोबाइलवर वाचलेलं ज्ञान पाजळलं. "बसताना पंख पसरतो तो चतुर. पंख मिटून बसते, ती बारीक, ती टाचणी. दोघंही काही करत नाहीत."

लेक पलीकडच्या झुडपामागे गेली. आईने "जपून" गिळलं.

"आई, टाचणी."

"अरे वा. हात लावून बघ."

"पायाला लागलीये."

"बसू दे. आवडला असेल तिला पाय."

"टोचतेय पण."

"टोचत नाही गं, गुदगुल्या करते."

बाकावरच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "अहो, पोर टाचणी टोचली म्हणतंय."

"घाबरायचं काही नसतं, आजोबा. आपणच मुलांना भित्रं करतो." हे वाक्य आईला इतकं आवडलं, की ती ते पुन्हा म्हणणार होती.

"आई, हिला पंखच नाहीयेत. चपलेतून आत गेलीये."

पंख नसलेली, चपलेतून आरपार जाणारी टाचणी कागदाला लावतात, एवढं कळायला मोबाइल लागत नाही. आई धावली. वाट तळ्याला वळसा घालून होती. आईने वळसा घेतला नाही. तळं गुडघाभरच निघालं, काठ मात्र दगडी होता. बागेतले होते नव्हते तेवढे चतुर एकदम उडाले आणि आईची नडगी सोलवटली.

झुडपामागे लेक, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या पताकेतून पडलेली टाचणी टाचेतून उपटून, हातात धरून उभी होती. "माझं एवढुसंच रक्त आलं," ती म्हणाली. "तुझं जास्त आहे."

"दवाखाना समोरच आहे," आजोबा उठले. "चला दोघी. घाबरायचं काही नसतं म्हणे."

लेकीची धनुर्वाताची सुई वेळेवर झालेली होती. असल्या बाबतीत आई कधी चुकत नसे. स्वतःची मात्र कित्येक वर्षांत घेतली नव्हती. नर्सने सुई भरली तशी आईने डोळे मिटले आणि तिच्या घशातून एक बारीक सूर निघाला.

लेकीने तिचा हात धरला आणि नर्सला समजुतीने सांगितलं, "एरवी नाही हो रडत ती. आज दुपारची झोप झाली नाहीये तिची."