गरुडतळ आणि ठकूबाईची बाही

श्रीहरीचे चरणी माथा ठेवून प्रारंभ. श्रोतेहो, सरका जवळ, लेकरे मांडीवर घ्या, टाळ क्षणभर उरी धरा. आज एक गड बुडाला त्याची कथा सांगतो. त्यास तट नव्हता, बुरूज नव्हता, आणि शत्रूने वेढाही दिला नव्हता. शके १९१२, प्रमोदनाम संवत्सर. नाव आनंदाचे, पण ते साली आनंद त्या माळावरून उठोन गेला.

राज्याचे उत्तरेस लोहगरुडांचा तळ होता. काळी फरसबंद वाट, आणि गरुडशाळा, आणि काचेचा मनोरा, आणि मागे मारुतीचे देऊळ, तेथे शनिवारी कीर्तन होई. तळावर ठकूबाई शिंपीण वाऱ्याची बाही शिवीत असे. बाही म्हणजे दोन्ही तोंडे उघडी ऐसी नारिंगी कापडाची पिशवी. उंच काठीवर फुगे, तीवरून वारा कळे, मग गरुड उतरत. तिचाच पुत्र रखमाजी गरुडस्वार जाहला. निघतेवेळी हसोन म्हणे, "आये, टाके घट्ट घाल हो. तुझी बाही दिसली की घर दिसलं." आणि ती म्हणे, "टाक्यांचं मी बघते, तू जेवायच्या वेळेला ये म्हणजे झालं." मग सीमेवर कलह पेटला, गरुड गेले, आणि परतले त्यांत रखमाजी नव्हता. ना देह सापडला, ना गरुडाचे पीस.

पुढे दरबारी मसलत जाहली की नवे गरुड थोर, त्यांस ही वाट अपुरी, तळ मोडावा. किल्लेदार हैबतराव यांणी निशाण उतरविले, बाही उतरविली, आणि वाटेवर चुन्याची थोरली फुली काढविली. ठकूबाईने पुसिले, "हे काय ओ, सायेब?" राव बोलिले, "फुली दिसली की वरच्याला कळतं, तळ मेला, इथं उतरू नये. रीत आहे, बाई." "आणि माझा आला तर?" राव टोपी सारखी करून गाडीत बैसले.

मग गरुडशाळेचे पत्रे चोरांनी नेले, आणि मनोऱ्यात पिंपळ रुजला, आणि मुदपाकखान्यात कोल्ही व्याली, आणि मारुतीस शेंदूर लावणारी एक ठकूबाईच उरली. देवळाचे ओवरीत राही, आणि दर पाडव्यास नवी बाही शिवोन काठीवर चढवी. भागू गुराखीण थट्टा करी, "मावशे, कावळ्यांना वारा दावतीस व्हय?" ती म्हणे, "शबरी रोज वाट झाडायची, तिला काय कमी हसले असतील? आलाच ना राम!" पावसांनी फुली धुवोन नेली, तेही तिला बरेच वाटले.

बहुत वर्षांनी चैत्राचे सकाळी घरघर ऐकू आली. "भागे, आला गं!" म्हणोन म्हातारी धावली. गरुड बाही पाहोन खाली आला, तो पिवळा, चिमुकला, त्यावर नवशिका स्वार, वाट चुकलेला. वरून वाट धड दिसे. परंतु फरशी फाटोन भेगांतून बाभळीची खुंटे वर आलेली. अंदाज घेवोन तो वळला, आता उतरणार. ठकूबाईने ओळखिले की ही माझी बाहीच त्यास बोलाविते. कात्रीने दोर तोडिला, बाही खाली पडली, आणि आपलेच टाके उसवोन तिचे दोन पट्टे केले, आणि धावत जावोन वाटेवर आडवे-तिडवे पसरले, वर धोंडे ठेविले. फुली जाहली. गरुड डोईवरून गर्जत गेला, आणि उंच उठला, आणि पूर्वेस निघाला. म्हातारी हात हालवीत बोलिली, "जा बाळा, तुझी आई जेवायची थांबली असंल."

भागू रडो लागली, "उद्या दुसरी शिवू, मावशे." "नको गं. दुसरीचा लेक मरंल. माझा शहाणा हाय, पुसत पुसत येईल." पुढले पाडव्यास बाही चढली नाही, आणि ठकूबाईही नव्हती.

ऐसा गरुडतळ मोडला. दरबाराची फुली पावसाने पुसली. आईची तिने स्वहस्ते घातली. श्रोतेहो, घरी लेकरू उशिरा आले तर रागे भरण्याआधी ताट वाढा, आणि ठकूबाईस आठवा.