मास्तर जातील तिकडे उत्तर!

"कापड बेतणाऱ्याला वाट बेतायला कितीसा वेळ लागतो!" टेलरमास्तरांनी सासऱ्यांसमोर छाती ठोकून सांगितलं.

छाती ठोकायला कारण होतं. सासरे दरवर्षी मुली-जावयांना रानात फिरायला नेत. पुढे हात हलवत साडू चालणार आणि मागे डब्यांची भलीमोठी पिशवी घेऊन मास्तर, असा शिरस्ताच पडून गेला होता. साडूंकडे फोन होता आणि फोनमध्ये नकाशा. पण यंदाच्या रानात रेंजच नव्हती! मास्तरांनी संधी साधली, होकायंत्र आणि रानाचा कागदी नकाशा आणला आणि आठवडाभर दुकानात सराव केला.

"तळ्यापर्यंत नेलंत, तर यापुढे कायम तुम्ही पुढे," सासरे म्हणाले. "पिशवी साडूंकडे."

मास्तरांना हे ऐकून गुदगुल्या झाल्या.

बसथांब्यावर उतरल्याबरोबर त्यांनी होकायंत्र छातीशी धरलं. काट्याचं लाल टोक नाकासमोर! "तळं थांब्याच्या बरोबर उत्तरेला आहे. चला!"

मेहुणी घरी राहिली होती, पण मास्तरांची बायको मुद्दाम आली होती. तिला प्रश्न विचारायची भारी हौस.

"अहो, आपण आत्ता झाडाला वळसा घातला ना? मग काटा कसा नाही हलला?"

"हात स्थिर लागतो, हात! वीस वर्षं काजं करतोय मी."

ओढा आडवा आला, मास्तर वळले. काटा नाकासमोर. झुडपं आली, पुन्हा वळले. काटा नाकासमोरच! मास्तरांचा आत्मविश्वास तर आता उतू जायला लागला. मागून साडू आजच्यापुरती गळ्यात पडलेली पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत धापा टाकत होते, आणि तो आवाज मास्तरांना सनईसारखा गोड वाटत होता.

"अहो, मघाशी ऊन उजव्या गालावर होतं. आता डाव्या गालावर कसं?"

"सूर्य फिरतो, बाई!"

"दहा मिनिटांत?"

तेवढ्यात समोर रस्ता दिसला. रस्त्यावर थांबा होता. थांब्यावर सकाळचाच कुत्रा झोपला होता.

"वा!" साडूंनी पिशवी बाकावर आदळली. "तळं फारच कोरडं आहे हो यंदा!"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. बायकोने मात्र होकायंत्र हातात घेतलं आणि चार पावलं लांब गेली. काटा गर्रकन फिरला! ती जवळ आली, काटा पुन्हा मास्तरांच्या नाकासमोर.

"अहो, जरा जागच्या जागी गोल फिरा बघू."

मास्तर फिरले. काटाही फिरला. सासऱ्यांना एवढी गंमत वाटली, की त्यांनी जावयाला आणखी तीनदा फिरवलं. मग बायकोने नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात हात घातला आणि टाचण्या उचलायचं लोहचुंबक बाहेर काढलं. त्याला दुकानातल्या टाचण्या लोंबत होत्या.

"हे रानात कशाला आणलंत?"

"रोजच खिशात असतं गं..."

लोहचुंबक बायकोच्या पर्समध्ये गेलं आणि मास्तरांपासून लांब राहिलं. मास्तरांनी नकाशा जमिनीवर पसरला, त्यावर होकायंत्र ठेवलं आणि नकाशाची उत्तर काट्याखाली येईपर्यंत कागद फिरवला. कागदावरची टेकडी डावीकडे, खरी टेकडीही डावीकडे! कॉलर पहिल्याच फटक्यात बरोबर बसावी तसा त्यांना आनंद झाला. मग ते भराभर चालायला लागले आणि बाकीचे त्यांच्यामागून धावायला.

तासाभरात तळं आलं! निळंशार, भरलेलं.

"मानलं, जावईबापू!" सासऱ्यांनी पाठ थोपटली. "आजपासून कायम तुम्हीच पुढे. पिशवी कायमची साडूंकडे!"

मास्तरांना भरून आलं. आयुष्यात प्रथमच ते मोकळ्या खांद्यांनी पाण्याकाठी बसले.

"चला, डबे काढा," सासरे म्हणाले.

साडूंनी आपल्या खांद्याकडे पाहिलं. मग मागे पाहिलं. पिशवी थांब्यावरच, बाकावर राहिली होती!

"मी जाऊन आणली असती हो," साडू नम्रपणे म्हणाले, "पण मला वाट कुठे कळते!"

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर निमूटपणे उठले, होकायंत्र छातीशी धरलं आणि दक्षिणेकडे चालू लागले.