समुद्राचे चाळीस खुंट

लिरिस एनो फेरीबोटीतून धक्क्यावर उतरली तेव्हा तिच्या पाठीवर मोजणीचं यंत्र होतं, हातात लाल रंगाचा डबा होता आणि डोक्यात पक्की योजना. तीन आठवड्यांत चाळीस खुंट, एक नकाशा आणि एक अहवाल. गावात कुणाला साधी शिंकसुद्धा येणार नाही, असं तिने छातीठोकपणे फोनवर सांगितलं होतं.

फोनच्या पलीकडे होत्या ग्रीनिज बाई. लहान बेटांना वाढत्या समुद्रापासून सावरण्याचं काम करणाऱ्या लोकांसाठी तेव्हा एक फेलोशिप निघाली होती. वर्षभर आपल्याच बेटावर काम करायचं आणि चुकलंमाकलं सांगायला दुसऱ्या बेटावरचं एक अनुभवी माणूस मिळायचं. लिरिसच्या वाट्याला बार्बाडोसच्या ग्रीनिज बाई आल्या. बाई फार कमी बोलायच्या, आणि जे काही बोलायच्या त्याने समोरच्याला जेवण गोड लागायचं नाही.

ही गोष्ट कारियाकू बेटावरची, पंधरा वर्षांपूर्वीची. तेव्हा किनाऱ्यावर एलवर्थकाका अजून हाताने होड्या बांधायचे आणि इस्मेमावशीचं रमचं दुकान वाळूला खेटून उभं होतं. भरतीच्या वेळी गिऱ्हाइकं पाय वर घेऊन प्यायची, पण समुद्र जवळ आलाय असं कुणी म्हणायचं नाही. उलट म्हणायचे, मावशीने बाक पुढे सरकवलाय.

तीस वर्षांनी वादळात पाणी कुठवर येईल, ती रेषा खुंटांनी आखायची होती. आधी काम, मग भाषण, असं लिरिसने ठरवलं होतं. म्हणून तिने कुणाला काही सांगितलं नाही, आणि तिथेच माशी शिंकली.

पाचवा खुंट ठोकताना इस्मेमावशी तळलेल्या पावांची परात घेऊन आली.

"लिरिस बाळ, हे काय गं?"

"रेषा आहे मावशी," लिरिस दातात खिळा धरून म्हणाली. "रेषेच्या आतलं सगळं जाणार."

"कुणाकडे?"

तेवढ्यात यंत्र शिट्टी वाजवायला लागलं आणि उत्तर राहून गेलं.

मावशीने ते उत्तर स्वतःच शोधलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की मोठी हॉटेल कंपनी येतेय, रेषेच्या आतली घरं विकत घेणार, आणि एनोंची पोरगीच त्यांची मोजणीदार आहे. अख्खं गाव दोन तटांत वाटलं गेलं. ज्यांची मुलं ब्रुकलिनला होती त्यांना घर विकायचं होतं. ज्यांना विकायचं नव्हतं ते म्हणाले, आमच्या आजोबांची जागा आम्ही देणार नाही. भांडण मात्र कुणी केलं नाही. लिरिस कामासाठी बेटावरच्या मोठ्या गावी, हिल्सबरोला गेली की प्रत्येक जण आपापला खुंट उपटून सोयीच्या जागी ठोकायचा, एवढंच.

लिरिसने चाळीस खुंट पुरे केले, वर्षाची कमाई झाल्यासारखी एक दिवस झोपली आणि मग यंत्र घेऊन, आजूबाजूला न बघता, एकेका खुंटाची जागा टिपली. नकाशा बार्बाडोसला गेला. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"लिरिस, तुमच्याकडे समुद्र टेकडी चढतो का?"

"नाही बाई."

"या नकाशात चढतो. वर एका पिवळ्या घराला प्रदक्षिणा घालतो, खाली उतरतो, पाण्यालगतची होडीची शेड तेवढी सोडतो आणि चर्चच्या मागे शिरतो. समुद्र आहे की पोस्टमन?"

लिरिसने नकाशाची आपली प्रत उलटी धरून पाहिली.

"मी गुरुवारच्या फेरीने येते," बाई म्हणाल्या.

लिरिस आधी एलवर्थकाकांकडे धावली. त्यांच्या शेडमागचा खुंट गायब होता. काका नव्या होडीखाली वाकले होते आणि होडीच्या पोटाला टेकू म्हणून लाल डोक्याचा एक खुंट लावलेला होता.

"काका, हा माझा आहे."

"लाकूड चांगलं होतं," काका शांतपणे म्हणाले. "आणि आम्हाला विकायचं नाही."

मग ती टेकडीवरच्या पिवळ्या घरात गेली. तिथे इस्मेमावशीची बहीण राहायची, आणि मावशीही तिथेच बसली होती. खुंट अंगणात उभा होता, वर त्याला फुलांचा हार.

"दुकानासोबत हे घरही घेऊ देत," मावशी म्हणाली. "खालून दिसत नाही म्हणून हार घातला."

"मावशी, हॉटेल नाहीये. समुद्र आहे. रेषेच्या आतलं सगळं समुद्र नेणार."

मावशीने तिच्याकडे पाहिलं, मग हार काढून हातात घेतला.

ही खरी बातमी पहिलीपेक्षाही भरभर पसरली. गुरुवारी सकाळी ग्रीनिज बाई उतरल्या तेव्हा चाळीसच्या चाळीस खुंट ओल्या वाळूत, पाण्याच्या काठावर, आंघोळीला निघालेल्या पोरांसारखे ओळीने उभे होते. समुद्राने इथून पुढे यायचं नाही, असं गावाने एकमताने ठरवलं होतं.

लिरिसला वाटलं, संपली फेलोशिप. बाई मात्र एलवर्थकाकांच्या बाकावर बसल्या, चप्पल काढली आणि विचारलं, "तुम्ही लहान होता तेव्हा समुद्र कुठे होता?"

काका उठले. मग जवळचा एक खुंट उपटून, अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरले. गुडघे बुडाले, कंबर बुडाली. तिथे त्यांनी खुंट रोवला.

"हे आमचं स्वयंपाकघर. इथे आई चुलीवर मक्याच्या पिठाचं कूकू ढवळायची."

"खोटं," इस्मेमावशी काठावरून ओरडली. "ते आमचं चिंचेचं झाड. तुमचं स्वयंपाकघर डावीकडे."

आणि तीही झगा सावरत पाण्यात उतरली. मग कुणी राहिलं नाही. एकाने क्रिकेटच्या विकेटी दाखवल्या, दुसऱ्याने मास्तरांचं घर. मावशीने छातीएवढ्या पाण्यात उभं राहून सांगितलं, की कापणीच्या जत्रेत ढोल वाजायचे ते इथे.

"इथेच एलवर्थ माझ्या पायावर नाचला होता," ती म्हणाली. "नखच गेलं."

"तू पाय मध्ये घातलास," काका म्हणाले.

सगळे खूप हसले. मग हसणं हळूहळू थांबलं, कारण सगळ्यांनी एकदमच मागे वळून किनाऱ्याकडे पाहिलं होतं. समुद्रात उभ्या असलेल्या त्या अख्ख्या गावाच्या मागे, वाळूवर, फक्त मावशीचं दुकान आणि काकांची शेड उरली होती.

"म्हणजे आता आमची पाळी," मावशी हळूच म्हणाली.

त्या दुपारी गावाने खुंट आपल्या हातांनी परत नेले आणि लिरिस सांगेल तिथे ठोकले. कुणी वीतभर घासाघीस केली नाही. दुसऱ्या वर्षी शाळा टेकडीवर गेली. शेड गेली, मग कुरकुरत दुकानही गेलं. एलवर्थकाका रोज चढून यायचे आणि म्हणायचे, वर येईपर्यंत तहानच मरते. पुढच्या पावसाळ्याआधी ते देवाघरी गेले.

तीन वर्षांनी वादळ आलं. पाण्याने जुन्या दुकानाचा बाक नेला, पत्रे नेले, पुढची भिंत नेली. माणूस एकही नेला नाही.

सकाळी लिरिस धावत आली. काळजी होतीच, आणि खोटं कशाला बोला, पोटात थोडा अभिमानही होता. इस्मेमावशी मोडक्या भिंतीमागे वाकून हाताने काहीतरी मोजत होती.

"दीड हात," ती म्हणाली.

"काय दीड हात, मावशी?"

"पाणी तुझ्या खुंटाच्या दीड हात अलीकडेच थांबलं. उगाच मला टेकडी चढायला लावलंस."

लिरिसने माफी मागितली.