गोळी झाडली की मांडी घालणारे शत्रू

“आमोद, दिग्विजयसाहेबांना खेळ आवडला नाही, तर सोमवारी डबा घेऊन यायची तसदी घेऊ नकोस,” वारज्याच्या त्या छोट्याशा ऑफिसात रणजित शांतपणे म्हणाला. तो मालक, साहेब गिऱ्हाईक.

आमोदचा बंदुकीचा कॉम्प्युटर गेम एका जुन्या इंजिनावर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, चालायचा. त्या इंजिनाचा गुण असा, की वेगळं फोल्डर घातलं की पडद्यावरच्या त्याच माणसांचा स्वभाव पालटतो. देह तोच, संस्कार निराळे! त्याच इंजिनावर आमोदनं कसब्यातल्या उत्तरेश्वरमामांसाठी कीर्तनाच्या सरावाचे श्रोते घडवले होते. कानावर आलेला आवाज तालात असला, की ते मांडी घालून टाळ्या वाजवत. ताल चुकला, की उठून चालू लागत.

साहेब आले, पडद्यासमोर बसले आणि त्यांनी पहिली गोळी झाडली. अंगावर धावून येणारा शत्रू थबकला, खाली बसला आणि भक्तिभावानं टाळी वाजवू लागला.

“शरण आला का हो हा?”

“नाही... ऐकतोय,” आमोद पुटपुटला. तेवढ्यात मामांचा फोन आला.

“आमोदा, काय श्रोते दिलेस रे! आज सगळे उभ्यानं ऐकतायत. प्रत्येकाच्या हातात वीणा!”

“मामा, चष्मा लावा.”

पलीकडे चष्म्याची डबी वाजली. “अरे देवा! माझ्यावरच रोखल्यात की!”

आमोदच्या ध्यानात आलं. काल घाईत फोल्डरांची अदलाबदल झाली होती.

“बंद कर ते!” रणजित दबक्या आवाजात ओरडला.

“थांबा हो!” साहेब खेकसले. “तो कोपऱ्यातला का उठला?”

“तुमची गोळी तालात नव्हती, साहेब.”

साहेबांना ते लागलं. पाठ ताठ करून ते मोजून मापून गोळ्या झाडू लागले. धा धिं धिं धा! गेलेला परत आला. त्याच्या मागून आणखी सहा आले, माना डोलवू लागले. चहा निवला, रणजितनं दोनदा घड्याळ बघितलं.

“साहेब, आता मारा ना त्यांना,” तो म्हणाला.

“मारू? इतकी मन लावून बसलेली माणसं? आमच्या घरी माझं वाक्य कुणी पुरतं ऐकत नाही, राव!” साहेबांनी डोळे पुसले. “खेळ घेतला. फक्त शेवट बदला.”

“कसा?”

“शेवटी यांनी उठून मला हार घालायचा. आणि एकेकानं पाया पडायचं.”

ते गेल्यावर आमोदनं भीत भीत विचारलं, “मग माझी नोकरी?”

“आधी हार कर,” रणजित म्हणाला. “झेंडूचा नको. साहेब मोठे आहेत.”