तिच्याकडे बघू नका

वाघमारेबाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी आम्हा तिघांपैकी कुणाकडेही पाहिलं नाही. दार उघडताच आत शिरल्या, चपला काढल्या, हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून फरशीवर मांडी घातली आणि पर्समधून वर्तमानपत्र काढून वाचायला लागल्या. माझी बायको शुभदा चहा टाकायला उठली, तर पेपरामागून आवाज आला, "चहा नको. कुणी हलू नका."

आम्ही हललो नाही. रविवारची सकाळ, स्वतःचं घर, आणि मी, शुभदा आणि आमची दहा वर्षांची मुग्धा पुतळ्यांसारखे उभे. दिवाणाखाली कुत्री होती. बाई तिला भेटायला आल्या होत्या. भेदरलेल्या कुत्रीला भेटायचं म्हणजे तिच्याकडे पाठ करून गप्प बसायचं, ही त्यांची पद्धत. पेपरातलं शेवटचं पान वाचून झालं तशा त्या उठल्या आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिला आंघोळ घातलीत? हा काय प्रकार आहे?"

"हा काय प्रकार आहे?" हे त्यांचं आवडतं वाक्य. केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यात जन्म घालवून त्या निवृत्त झाल्या होत्या. हाताखालच्यांच्या फायली परत पाठवताना हेच म्हणत असणार. लग्न केलं नव्हतं. नोकरीभर सरकारी क्वार्टरमध्ये राहिल्या आणि निवृत्तीनंतर दिल्लीतल्या आमच्या द्वारकेच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आम्हीही तेव्हा करोल बागेतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून नुकतेच आलो होतो. मेट्रोचे खांब उभे राहत होते, दिवसभर धूळ उडायची आणि पाणी टँकरनं यायचं. बाई टँकरवाल्यावर चिडायच्या, बिल्डरवर चिडायच्या, लिफ्टमध्ये कुत्र्यांना बंदी अशी नोटीस लावणाऱ्या सेक्रेटरी खुरानांवर तर रोज चिडायच्या. "खुरानाजी, लिफ्ट में आपकी सिगरेट चलती है, कुत्ता नहीं चलता?" हे मी स्वतः ऐकलं आहे.

पण त्यांचा खरा राग होता तो हौसेनं कुत्री आणणाऱ्यांवर. लोकांच्या हातात नवा पैसा आला होता. नवी गाडी, नवा फ्रिज आणि त्याच झपाट्यात एक केसाळ पिल्लू. पिल्लाचं कुत्रं झालं, सोफ्यावर केस दिसायला लागले, की साहेबांची बदली व्हायची किंवा मॅडमना अ‍ॅलर्जी. मग कुत्रं रस्त्यावर. बाई असली कुत्री उचलून आणायच्या, जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायच्या आणि कुणाच्या तरी गळ्यात घालायच्या. तिथं गोष्ट संपायला हवी. बाईंच्या दृष्टीनं ती तिथं सुरू व्हायची.

आमची चुटकी अशीच आली. समोरच्या इमारतीतले भाडेकरू घर रिकामं करून गेले आणि तिला बाल्कनीत बांधलेलीच ठेवून गेले. बाईंनी भांडून भांडून कुलूप उघडायला लावलं. चुटकी हे नाव गेटवरच्या चौकीदारानं ती पिल्लू होती तेव्हा ठेवलेलं. मुग्धानं तिला पाहिलं आणि हट्ट धरला. बाई आमच्याकडे द्यायला फारशा राजी नव्हत्या. "पाहते," एवढंच म्हणाल्या आणि आठवडाभर आमचं निरीक्षण करून मग दिली.

आणि आम्ही काय केलं? थाटात स्वागत केलं. शुभदानं दारात औक्षण केलं. मुग्धानं माझा शाम्पू वापरून तिला न्हाऊ घातलं. शेजारपाजारचे बघायला आले, त्यांच्या मुलांनी शेपटी ओढून पाहिली, मी फ्लॅश मारून फोटो काढले. चुटकी जी दिवाणाखाली गेली ती बाहेर यायला तयार नाही. मुग्धानं तिचं नाव बदलून प्रिन्सेस ठेवलं आणि दिवाणाखाली डोकं घालून "प्रिन्सेस, कम, कम" सुरू केलं.

"तिला एक नाव आहे," बाई मुग्धाला म्हणाल्या. "घर गेलं, माणसं गेली. एक नाव तेवढं राहिलंय तिच्यापाशी. तेही घेणार?"

मुग्धा रडवेली झाली. मला राग आला. कुत्री आमच्या घरात, खर्च आमचा, आणि बोलणी वर खायची. पण बाई थांबायला तयार नव्हत्या. पाहुणे बंद. टीव्हीचा आवाज कमी. तिच्या वाटेत उभं राहायचं नाही, वाकून बघायचं नाही, ताटली ठेवून निघून जायचं. कुकरची शिट्टी बंद.

"मग वरण कशात शिजवू?" शुभदानं विचारलं.

"पातेल्यात. तुमच्या आजीनं कशात शिजवलं?"

त्या रोज यायच्या. दिवाण, पाठ, पेपर. जाताना आमची हजेरी घ्यायच्या. कोण मोठ्यानं हसलं, कुणी दार आपटलं, सगळं त्यांना कळायचं. कसं कळतं, विचारलं तर म्हणाल्या, "पाणी प्यायली नाहीये ती."

एकदा मी ऑफिसातून वैतागून आलो होतो. बाई माझ्या नेहमीच्या जागेपाशी बसलेल्या. मी पंखा वाढवला, तर म्हणाल्या, "कमी करा, घरघरतोय." माझा तोल गेला.

"बाई, हे घर माझं आहे."

"तेच म्हणते मी," त्या पेपरातून मान न उचलता म्हणाल्या. "तुमचं आहे. तिचं व्हायचंय अजून."

मी पंखा कमी केला आणि घाम पुसत बसलो.

आमचीच अशी गत नव्हती. गुडगावच्या नव्या टॉवरमधल्या एका जोडप्याला त्यांनी एक कुत्रा दिला होता. त्यांनी त्याला दिवसभर बाथरूममध्ये कोंडलं, कारण घरात इटालियन मार्बल होता. बाई दोन बस बदलून तिथं गेल्या, दारातच त्या माणसाला फैलावर घेतलं आणि कुत्रा घेऊन परत निघाल्या. बसवाल्यानं चढू दिलं नाही, तर रिक्षा करून आल्या. ती हकिगत त्यांनी आम्हाला उभ्या उभ्याच सांगितली. "मार्बल," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "दगडासाठी जीव कोंडला."

आमची चुटकी बाहेर आली ती एका दुपारी, कुणाचा काही प्रयत्न चालू नसताना. लाइट गेलेले होते. मी फरशीवर आडवा होऊन डुलकी काढत होतो. तळपायाला काहीतरी ओलं, गार लागलं. डोळे किलकिले करून बघतो तर चुटकी माझा पाय हुंगत होती. मी श्वास रोखून पडून राहिलो. तिनं पाय हुंगला, खोली हुंगली आणि उसासा टाकून माझ्या पोटरीला टेकून झोपली. माझ्या पायाला मुंग्या आल्या तरी मी हललो नाही. मुग्धा स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. तिनं तोंडावर हात दाबून धरला होता.

संध्याकाळी बाईंना सांगितलं.

"हात लावलात तिला?"

"नाही."

"हं," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

त्यानंतर चुटकीनं घर ताब्यात घेतलं. दिवाणाखालून दिवाणावर आली. कुकर शिट्ट्या देऊ लागला. मुग्धाच्या शाळेतून यायच्या वेळेला चुटकी दारात जाऊन बसू लागली. बाईंच्या फेऱ्या विरळ झाल्या. मग मधे बरेच दिवस त्या आल्याच नाहीत, दुसऱ्या कुठल्या तरी घरात पाठ करून बसल्या असणार. आणि एक दिवस बेल वाजली.

शुभदानं दार उघडलं. बाई होत्या, हातात कागदाची पुडी. त्या सवयीनं आत यायला निघाल्या, तोच चुटकी दिवाणावरून उडी मारून आली आणि उंबऱ्यात पाय रोवून त्यांच्यावर भुंकली. असा आवाज आम्ही तिच्याकडून कधी ऐकला नव्हता. मुग्धानं तिला पट्ट्याला धरून मागे ओढलं. "चुटकी, अगं आजी आहेत यार, ओळखत नाहीस?"

मला फार लाजल्यासारखं झालं. भांडून कुलूप उघडायला लावून जिनं सोडवलं तिच्यावरच भुंकायचं? मी चुटकीला रागावणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "रागावू नका तिला. बरोबर आहे तिचं. घर झालं आता."

त्यांनी पुडी शुभदाच्या हातात दिली. उकडलेलं चिकन होतं. "तुम्हीच द्या. माझ्या हातून नको."

"आत तरी या, चहा घ्या."

"नको. उगीच तिला बिथरवायचं." आणि त्या जिन्याकडे वळल्या. मी बघत होतो. अर्ध्या जिन्यावर त्या कठड्याला धरून थांबल्या, चष्मा काढून पदरानं पुसला आणि मग खाली गेल्या.

त्यानंतर त्या आमच्याकडे आल्या नाहीत. ज्या घरातलं कुत्रं त्यांच्यावर भुंकलं, त्या घरी त्या पुन्हा जात नसत, हे मला चौकीदाराकडून कळलं. म्हणजे इतकी वर्षं त्या एकेक घर असं बंद करत आल्या होत्या.

ते कळलं त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. बाईंनी दार उघडलं आणि पहिल्यांदा आमच्या पायांशी पाहिलं. चुटकी नव्हती.

"काय झालं तिला?"

"काही नाही. झोपलीय घरी."

"मग? खात नाही?"

"खाते. आम्ही तुम्हाला भेटायला आलोय," शुभदा म्हणाली.

बाई दार धरून उभ्याच राहिल्या. जणू आम्ही चुकीच्या मजल्यावर आलो होतो. मग एकदम भडकल्या. "आधी सांगायला काय झालं होतं? घरात दूध नाही माझ्या. बसा. आलेच मी." आणि पायात चपला सरकवून, आम्हाला त्यांच्या घरात सोडून, दार उघडं टाकून त्या खाली पळाल्या.

जिन्यात खुराना भेटले असावेत. त्यांनी काहीतरी विचारलं. बाईंचा भांडल्यासारखा आवाज वरपर्यंत ऐकू आला.

"हटिए खुरानाजी, जल्दी में हूँ। मेरे घर मेहमान आए हैं।"