पाहिल्याचा दिनांक

साळवे सरांना साधी बातमी सांगायची सोय नव्हती. ते लगेच विचारत, “कुठं वाचलंत?” कॉलेजच्या फाटकावरच्या चहावाल्यानं एकदा साखर महागणार असं सांगितलं. सरांनी खिशातून कार्ड काढलं आणि लिहिलं : ‘तोंडी माहिती. चहाची गाडी. सकाळी अकरा.’

“सर, पोलिसात देताय का काय मला?” चहावाला म्हणाला.

सर मूळचे कोल्हारचे, नगरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. मी दैनिकात बातमीदार होतो आणि त्याच कॉलेजात संध्याकाळी पत्रकारितेचा अभ्यासक्रम करत होतो. प्रबंधाच्या संदर्भसूचीवर सरांची सही लागे. तिथं भलेभले अडकत.

इंटरनेट नगरमध्ये नुकतंच आलं होतं. सावेडीतल्या एका सायबर कॅफेत बसून मी तीन लेख मिळवले आणि सूचीत प्रकाशक म्हणून त्या कॅफेचं नाव लिहिलं. दुसरा मजला, हेही लिहिलं.

सरांनी चष्मा काढला. “बातमीदार, दाढी करताना सलूनमध्ये पेपर वाचलात, तर पेपर सलूनवाल्याचा होतो का?”

“नाही, सर.”

“लेखक, शीर्षक, पानाचा पूर्ण पत्ता आणि पाहिल्याचा दिनांक. त्याशिवाय सही नाही.”

“दिनांक कशाला? पुस्तकाला तर लागत नाही.”

“पुस्तक कपाटात बसून राहतं. हे पान उद्या तिथं असेलच असं नाही. अमुक दिवशी मी पाहिलं तेव्हा होतं, एवढंच आपण छातीठोक सांगू शकतो.”

मी दिनांक टिपलेले नव्हते. लेख पुन्हा उघडणं भाग होतं. सर म्हणाले, “शनिवारी चला. मी जातोच.”

कॅफेवाल्यानं सरांना पाहताच विचारलं, “नेहमीचंच पान ना?” परदेशातल्या एका प्रयोगशाळेतल्या संशोधिकेचं पान उघडलं. फोटो वरून खाली सावकाश उतरत होता. आधी केस, मग कपाळ, मग सरांसारखंच नाक.

“रिबेका. माझी मुलगी,” सर म्हणाले. “तिकडं मनानं लग्न केलं. मी फोनवर नको ते बोललो. दोन वर्षं पत्र नाही.”

फोटोखाली तिचा ई-मेलचा पत्ता होता.

“मग लिहा की, सर.”

सरांनी कार्डावर लिहिलं. पानाचा पूर्ण पत्ता, पाहिल्याचा दिनांक. त्यांच्या पिशवीत तशाच कार्डांचा गठ्ठा होता. पत्ता सगळ्यांवर एकच, दिनांक तेवढे वेगळे.

माझ्या सूचीवर सही झाली. तरी अधूनमधून शनिवारी मी सरांबरोबर जात राहिलो. असंच एकदा गेलो, तर पान उघडेना. कॅफेवाल्यानं तीनदा लाइन जोडून पाहिली. मग तो हळूच म्हणाला, “सर, पान काढून टाकलंय त्यांनी.”

“पत्ता नीट टाकलास?”

“तुमच्याच कार्डावरून टाकलाय, सर.”

सर उठले. जिन्यात मध्येच थांबले. कॉलेजातली भाषा गळून पडली होती.

“बरी असंल ना हो ती?”

“बरी आहे, सर. दुसरीकडं चांगली नोकरी लागली असेल.”

माझ्याकडं कसलाही आधार नव्हता. सरांच्या हातात कोरं कार्ड होतं. ते त्यांनी खिशात ठेवलं, माझ्या खांद्याला धरून पायऱ्या उतरले, आणि कुठं वाचलंत असं विचारलं नाही.