मिरजोळ्याच्या माद्या

शके १८५९, आषाढ शुद्ध पंचमी, म्हणजे इसवी सन १९३७ च्या जुलै महिन्यात, रत्नागिरी मुक्कामी, निवृत्त शिरस्तेदार रा. रा. केशवपंत पित्रे यांच्या ओटीवर 'गोडेपाणी मत्स्यसंतती प्रवर्तक मंडळी' या संस्थेची सभा भरली, आणि संतती ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे हा जुना गैरसमज त्या दिवशी एकमताने दूर करण्यात आला. संतती ही सार्वजनिक बाब आहे. ज्याला ती होते त्याला स्वतःला तिच्याविषयी विचार करण्यास सवड नसते. ज्याला होत नाही त्याच्याविषयी मात्र सगळ्या आळीला सवड असते.

जेथे रोज सकाळी होड्या भरभरून मासळी उतरते त्या गावी तळ्यात मासे निपजवण्याचे प्रयोजन काय, अशी शंका काही उतावळ्या लोकांनी काढली होती. पंतांनी तिचे साधार खंडन केले. समुद्रातला मासा आपखुशीने वाढतो, त्यात समाजाचे कर्तृत्व ते कोणते? (पंत मासे खात नसत. मंडळीच्या अकरा सभासदांपैकी नऊजण खात नसत, त्यामुळे कामकाजात स्वार्थाचा लवलेश शिरला नाही. उरलेल्या दोघांपैकी एक डॉ. शिरगावकर होते आणि दुसऱ्यांचे दात पडले होते.)

उत्तरेकडच्या नद्यांतून मागवलेला मृगळ नावाचा मासा तळ्यात खातो, पितो, अंग धरतो. परंतु साचल्या पाण्यात संतती देत नाही. त्याला पुराचे वाहते पाणी लागते. माशाच्या मेंदूच्या तळाशी मोहरीएवढी एक ग्रंथी असते. पूर आला की तिच्यातून एक रस रक्तात उतरतो आणि तो रस प्रजोत्पादनाचा हुकूम सोडतो. ब्राझील देशातल्या विद्वानांनी असे दाखवले होते की, ही ग्रंथी एका माशाच्या डोक्यातून काढून, मिठाच्या पाण्यात खलून, सुईने दुसऱ्याच्या अंगात घातली, तर पुराची वाट न पाहता हुकूम सुटतो. पंतांचा जन्म कचेरीत गेला होता. वरून हुकूम आल्याखेरीज कोणी काही प्रसवत नाही, हे तत्त्व त्यांना ब्राझीलच्याही आधी ठाऊक होते.

आता व्यवस्था. माद्या मिरजोळ्याच्या तळ्यात ठेवण्यात आल्या, कारण ते तळे जवळ, भोवती चिऱ्यांचा गडगा, आणि चार माणसांची नजर राहण्याजोगे. नर हातखंब्याच्या तळ्यात ठेवण्यात आले, कारण तिथे हमरस्ता आहे, मोटारी थांबतात, बाहेरचे जग दिसते. गणपतीत आठवडाभर आणि शिमग्यात आठवडाभर नरांना मिरजोळ्यास आणावे, असे ठरले. या कलमावर चर्चा झाली नाही. सभेस बसलेल्या प्रत्येकाचा मुलगा, भाऊ किंवा जावई मुंबईस होता, आणि नर म्हणजे बाहेरगावी, मादी म्हणजे घरी, ही गोष्ट त्यांच्या लेखी व्यवस्थाच नव्हती. ती सृष्टी होती. (ज्या घरचा कर्ता पुरुष बारमाही घरी दिसतो त्या घरी रत्नागिरीत शेजारीपाजारी प्रकृतीची चौकशी करून जातात.)

नरांकडून अपेक्षा एवढीच की, अधूनमधून एकाने आपले डोके द्यावे. डोक्यातली ग्रंथी स्पिरिटाच्या बाटलीत पडे, बाटली संध्याकाळच्या मोटारीने निघे, आणि तळ्याचा राखणदार रावजी ती उतरवून घेताना हाळी देई, "पंत, आली हो हातखंब्याची मनिआर्डर!" पंतांना ही थट्टा पसंत नसे, परंतु उपमा निर्दोष असल्याचे ते मान्य करीत. डोके तिकडे खर्ची पडावे, अर्क घरी पोचावा, आणि घरच्यांनी त्यावर वाढावे, ही रीत जिल्ह्याच्या अंगवळणी पडलेली होती. (बिनडोक शरीर डॉ. शिरगावकर घरी नेत. त्यांच्या स्वयंपाकघरात शास्त्राविषयीचा आदर प्रत्येक बाटलीगणिक वाढत होता.)

डॉक्टर मादीला ओल्या फडक्यात धरून सुई टोचत, पंत घड्याळ धरीत, आणि सकाळी तळ्यात अंडी दिसत. मग ती साबुदाण्यासारखी पांढरीफटक पडत, फुगत आणि कुजत. असे प्रत्येक खेपेस झाले. पंतांनी शांतपणे कारणमीमांसा केली. पाणी तपासले, निर्दोष. अर्क तपासला, निर्दोष. मुहूर्त तर त्यांनी स्वतः काढलेला. राहता राहिल्या माद्या. त्या वांझ ठरल्या. अंडी त्यांनीच घातली होती हे खरे. पण वाईट घातली होती.

याच सुमारास पंतांच्या घरातही असाच एक प्रश्न निकालास आला होता. पंतांचे एकुलते चिरंजीव मोरेश्वर मुंबईस फोर्टातल्या एका कचेरीत कारकून असून गिरगावात आठजणांच्या खोलीत राहत. लग्नाला सहा वर्षे झाली होती. सूनबाई मथुरा रत्नागिरीस सासूसासऱ्यांपाशी, म्हणजे जागच्या जागी होती, आणि तिला मूल नव्हते. उपायांत कसूर झालेली नव्हती. कुलदेवीला नवस, पिंपळाला प्रदक्षिणा, मनगटाला गंडा, आणि रोज पहाटे वैद्यांचा एक काढा, ज्याच्या वासाने गोठ्यातली म्हैस तोंड फिरवी. मोरेश्वराला काही देण्याचा प्रश्न उद्भवला नाही. तो नोकरीत होता.

यमुनाबाईंची, म्हणजे पंतांच्या पत्नीची, काढ्यावर श्रद्धा होती, कारण त्यांनी स्वतः तोच काढा नऊ वर्षे घेतला होता. त्या काळी पंत ठाण्याच्या कचेरीत होते आणि वर्षातून दोनदा घरी येत. पुढे एका साली ठाण्यास प्लेग झाला, कचेरी बंद पडली, पंत सबंध पावसाळा घरी बसले, आणि दुसऱ्या वर्षी मोरेश्वर झाला. काढ्याला गुण यायला नऊ वर्षे लागतात, असा सिद्धांत पंतांनी त्यावरून बसवला. मथुरेला मात्र तेवढी मुदत देता येत नव्हती, काळ बदलला होता. नारळी पौर्णिमा होताच संगमेश्वरास जाऊन तिथल्या एका घरची मुलगी मोरेश्वरासाठी पाहून यायची, असे ठरले.

मंडळीनेही त्याच आठवड्यात जुन्या माद्या रद्द करून नव्या मागवण्याचा ठराव केला. ठरावाचा मसुदा पंत ओटीवर घोळवीत होते, तेव्हा मथुरा चहा घेऊन आली.

"मामंजी, तळ्यात नव्या माद्या येणार म्हणे?"

"हो. पुढच्या महिन्यात."

"मग आधीच्या?"

"त्यांना कोण हाकलतो आहे? राहतील एका कोपऱ्यात. खाण्यापिण्याला काही कमी पडू द्यायचं नाही, असं कलमच घातलं आहे."

"नव्यांना औषध तेच?"

"तेच."

"पाणी?"

"तेच. औषधपाण्यात दोष नाही हे सिद्ध झालं आहे, मुली."

"भाग्याच्या हो," मथुरा कपबशी पुढे सरकवीत म्हणाली. "निदान त्यांचं औषध सुईनं जातं. तोंडाला चव तरी राहते."

पंतांनी मान वर केली. सुनेच्या बोलण्यात उपरोध आहे की माहिती, हे त्यांना ठरवता आले नाही. माहिती समजून त्यांनी ती टिपून घेतली.

नव्या माद्या येण्यापूर्वी मुंबईहून सरकारी मत्स्यशास्त्री दिघे पाहणीस आले. वय लहान, टोपी साहेबी, आणि पायांत बूट असूनही तळ्यात उतरण्याची वाईट खोड. त्यांनी एक मादी हातात घेतली, पोट दाबून पाहिले, आणि फार आनंदित झाले.

"उत्तम! पंत, अशी जनावरं मी पंजाबातही पाहिली नाहीत. आता नर दाखवा."

"नर हातखंब्यास असतात," पंत म्हणाले.

"कशाला?"

पंतांना प्रश्नच कळला नाही. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिले. डॉक्टरांना एकाएकी खोकला आला.

"तिकडेच असतात," पंतांनी खुलासा केला. "गणपतीत येतात."

दिघ्यांनी हातातली मादी पाण्यात सोडली. मग म्हणाले, "पंत, सुई नुसतं दार उघडते. आत यायला कोणी नको का? दोघांना एका पाण्यात सोडा. आणि सुई नरालाही टोचा, थोडी कमी."

"नराला?" पंतांच्या आवाजात चाळीस वर्षांची सरकारी नोकरी दुखावली गेली. "नरात काही व्यंग आहे असं आपलं म्हणणं आहे काय?"

"व्यंग नाही. गैरहजेरी आहे."

सरकारी शब्द असल्यामुळे पंतांचा निरुपाय झाला. रावजी हंडे घेऊन बैलगाडीने हातखंब्यास गेला आणि शिल्लक असलेले नर घेऊन आला. "घरी आनलं हो एकदाचं," गाडीतून उतरता उतरता तो म्हणाला, "गनपती नसताना. बाचकली असतील!" संध्याकाळी दोघांना टोचण्यात आले. सकाळी तळ्याच्या काठाकाठाने अंडी होती, काचेच्या मण्यांसारखी स्वच्छ, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक मण्यात एक बारीक काळी रेघ वळवळत होती. पंतांनी अहवालात यशाची कारणे अशी दिली: एक, मुहूर्त, दोन, मंडळीची चिकाटी, तीन, सरकारी अधिकाऱ्यांची उपस्थिती. (नरांचा उल्लेख 'अन्य किरकोळ फेरफार' या सदरात आहे.)

त्या दुपारी दिघे पंतांकडे जेवायला होते. पानात अळूचे फदफदे होते, केळीच्या पानाचे टोक पंतांनी शास्त्रोक्त दिशेला करून घेतले होते, आणि मथुरा आत पोळ्या लाटीत होती. यमुनाबाई वाढता वाढता थांबल्या.

"एक विचारू का हो? तुम्ही शास्त्रातले, म्हणून म्हटलं. अशी सुई माणसाला निघाली आहे का? आमच्या सूनबाईसाठी. उद्या संगमेश्वरास जायचंय, त्याआधी कानावर घालून ठेवावं."

दिघे संकोचले. "प्रकृती कशी असते त्यांची?"

"धडधाकट. म्हैस तीच पिळते."

"आणि यजमान?"

"मुंबईस."

"म्हणजे, येतात ना?"

"येतो तर! गणपतीत आठ दिवस. शिमग्यात रजा मिळाली तर..."

यमुनाबाईंचे वाक्य तिथेच राहिले. दिघ्यांनी पानाकडे पाहून भाताचे आळे विनाकारण पुन्हा केले. आत लाटण्याचा आवाज थांबला. पंतांच्या मात्र लक्षात आले की आता खंडनाची वेळ आली आहे. मासा आणि मनुष्य यांत तीन भेद आहेत, असे त्यांनी सांगितले. पहिला भेद सांगून झाला. दुसरा चालू असताना यमुनाबाई भाताच्या पातेल्याकडे पाहत होत्या. त्यांना ते पातेले दिसत नव्हते, त्यांना प्लेगाच्या सालचा पावसाळा दिसत होता.

इथे वाचक हसला असेल. हसण्याचा अधिकार त्याला आहे, विशेषतः तो हा मजकूर गिरगावातल्या खोलीत, बाकीच्या सोबत्यांना मोठ्याने वाचून दाखवीत असेल तर. त्याने एवढेच करावे: हसून झाल्यावर, गणपतीला किती अवकाश आहे ते सांगावे. दिनदर्शिका न पाहता सांगता येईल. ते त्याला रोज पाठ असते.

"संगमेश्वराला निरोप धाडा," यमुनाबाई म्हणाल्या. "येत नाही म्हणावं."

"अगं, पण तिसरा भेद..."

"तो पाण्यात सोडा. सूनबाई पहिल्या बोटीनं मुंबईस जाईल."

"मुंबईस? त्या खोलीत आठजण राहतात!" पंत कळवळून म्हणाले.

यमुनाबाईंनी दिघ्यांच्या पानात भात वाढला, त्यावर तूप वाढले, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून निकाल दिला.

"सातजणांनी आपापल्या घरी जावं. तिथंही काढेच उकळत असतील. मथुरे, ट्रंक भर गो."